शेजारधर्म

अगं थांब, ती पाण्याची नळी नंतर गुंडाळ. इकडे ये आधी. आणि फाटकाची कडी लाव बरं, नाहीतर आमचे महाराज थेट तुझ्या टोमॅटोच्या वाफ्यात. काल संध्याकाळी तुझी छकुली या फटीतून वाघ्याला गवत भरवत होती, तेव्हा म्हणाली, 'आजी, आम्हीपण आणणारोय, सेम असाच.' खरं की काय? पैसे भरले नाहीस ना अजून? मग ठीक. गॅसवर काही ठेवून आलेली नाहीस ना? मग बोलू.

तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात टफी असणार, पैजेवर सांगते. 'हम आपके हैं कौन' आला १९९४ ला, आणि त्यानंतर डोंबिवलीपासून डेक्कनपर्यंत प्रत्येक घरात एक पांढरा केसाळ गोळा. आपण त्याला पॉमेरियन म्हणायचो. आमचे हे म्हणतात, तो खरा पॉमेरियन नव्हेच, आपला इंडियन स्पिट्झ. असेल बाई. माझ्या बहिणीकडचा होता तो वरणभात खाऊन, पोस्टमनला चावून, पिकलं पान होऊन गेला. डॉक्टर त्याला ठाऊक म्हणून नव्हता. त्याच्यावरून वाघ्याचा हिशेब मांडू नकोस. हा कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. वजन सहा ते आठ किलो असावं असं पुस्तकात आहे. याचं किती आहे ते विचारू नकोस, हे आत खिडकीशी बसलेत, त्यांना लागेल.

नाव? नाव ह्यांच्या हट्टापायी. जेजुरीकडचं घराणं, कुलदैवत खंडोबा, तेव्हा कुत्रा आला तर वाघ्याच. बहिणीने व्हिडिओवर पाहिला, तो उशीवर मान ठेवून घोरत होता. ती म्हणाली, 'अगं, याला मांजर चावेल.' चावलंच होतं. कोपऱ्यावरच्या त्या पिवळ्या घरातलं. त्यांची वेगळी कथा, ती नंतर सांगते.

तर मुद्दा असा, की याला कामच नाही. शेळ्या राखायच्या नाहीत, दार राखायचं नाही. चोर आला तर हा त्याला चांदीची भांडी कुठेत ते दाखवेल. शतकानुशतकं माणसाच्या मांडीवर बसण्यासाठीच यांची पैदास केलीय. इंग्लंडचा तो दुसरा चार्ल्स राजा, त्याच्या नावाने हे ओळखले जातात. सॅम्युअल पीप्स म्हणून नौदलाच्या कचेरीतला अधिकारी होता, त्याने रोजनिशीत चिडून लिहून ठेवलंय की राजा दरबारच्या बैठकीत कामकाज सोडून कुत्र्याशी खेळत बसतो. आमच्या घरात तेच चाललंय, फक्त राज्य नाही.

पुढची गंमत ऐक. नंतर इंग्रजांना चपट्या नाकाचं वेड लागलं. नाक दाबत दाबत पार पोपटासारखं करून टाकलं. १९२६ मध्ये एक अमेरिकन लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात गेला, रॉसवेल एल्ड्रिज, आपल्या लाँग आयलंडचाच. जुन्या चित्रांतला लांब नाकाचा कुत्रा त्याला एकही दिसेना. तेव्हा त्याने बक्षीस लावलं, जुन्या वळणाचा कुत्रा दाखवा आणि २५ पौंड घ्या. त्या पैशाच्या ओढीने लोकांनी पुन्हा लांब नाक आणलं. म्हणजे बघ, एकदा हौसेने नाक बुडवलं, एकदा हौसेने वर काढलं. त्यात दुसरं महायुद्ध आलं, मोजके कुत्रे उरले, आणि त्या मोजक्यांतून ही सगळी प्रजा वाढली. सगळे एकमेकांचे चुलत-मावस. आपल्याकडे गोत्र बघून लग्न करतात त्याला हसता ना तुम्ही मुली?

आणि इथे अमेरिकेत काय झालं माहितेय? यांच्या जुन्या क्लबाला नव्वदच्या दशकात अमेरिकन केनेल क्लबाने विचारलं, आमच्यात येता का. सभासदांनी मतदान करून सांगितलं, नाही येत. कारण काय, तर मान्यता मिळाली की मागणी वाढेल, मागणी वाढली की कोणीही सोम्यागोम्या पिल्लं काढून विकेल. मग काहीजण फुटले, त्यांनी दुसरा क्लब काढला आणि १९९५ मध्ये मान्यता घेतली. आजही दोन क्लब आहेत. हे वाचून दाखवताना आमचे हे इतके हसले. म्हणे, आपली मंडळं अशीच वाढतात! पण नाही म्हणणारे अगदीच चुकले नव्हते गं. तुला त्या पुढच्या गोष्टीवरूनच कळेल.

पिल्लू कुठून आणणार होतीस? फोटो बघून? तरी वाटलंच. फोटोत सगळीच गोड असतात. मागच्या रस्त्यावरच्या एका कुटुंबाने, नाव नाही घेत, महामार्गावरच्या पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीतून पिल्लू घेतलं. रोख पैसे दिले. आई कुठाय, विचारलं तर विक्रेता म्हणाला, घरी आहे. ती आई घरीही नसणार, कुठल्यातरी पिंजऱ्यात असणार. न्यूयॉर्कने तर २०२४ च्या डिसेंबरपासून दुकानात पिल्लं विकायलाच बंदी केली, ती अशाच धंद्यांमुळे. तू विक्रेत्याला पहिला प्रश्न रंगाचा विचारू नकोस. पांढरा-तांबडा, तिरंगी, लाल, काळा-तपकिरी, चारही छान दिसतात. विचार, आईबापांच्या हृदयाची तपासणी कोणी केली? साध्या डॉक्टरने की कार्डिऑलॉजिस्टने? त्यांचं वय तेव्हा काय होतं? चांगले लोक अडीच वर्षांच्या आत कुत्रीला पिल्लं होऊच देत नाहीत, आणि आजी-आजोबांचं हृदय पाचव्या वर्षी स्वच्छ होतं का तेही बघतात. मिझुरीला ओएफए म्हणून संस्था आहे, १९६६ पासूनची, तिच्या यादीत कुत्र्याचं नोंदणीचं नाव घातलं की तपासण्या दिसतात. दिसल्या नाहीत तर समजून जा. आणि तुझ्यावर चिडला तर गाडीत बसून घरी ये.

हृदयाचं एवढं का? अगं, तेच तर याचं दुखणं. डाव्या बाजूची झडप असते ना, मायट्रल, ती यांच्यात लवकर जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. पाचव्या वर्षापर्यंत साधारण निम्म्यांच्या छातीत मर्मर ऐकू येते आणि दहावं उलटेपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या. ऑस्लोच्या न्यायालयाने २०२२ मध्ये नॉर्वेत यांची पैदास करायलाच मनाई केली होती, जनावरांना त्रास होतो म्हणून. आता तू घाबरू नकोस. मर्मर आहे म्हणजे लगेच काही नाही, कितीतरी कुत्रे ती घेऊन म्हातारे होतात. वाघ्याची पाचव्या वर्षी ऐकू आली. डॉक्टरीणबाई छान आहेत, त्यांनी ह्यांच्या कानाला स्टेथोस्कोप लावून ऐकवली. घरी आल्यावर हे गप्पच होते. मग रात्री उठून बसले आणि वाघ्याचे श्वास मोजायला लागले.

ते मात्र खरंच करायचं असतं. झोपलेला असताना, स्वप्नात पाय हलवत नसताना, मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं. तीसच्या खाली असेल तर बरं. रोज तीसच्या वर जायला लागला की डॉक्टरकडे, मग रविवार असो नाहीतर दिवाळी. छातीत पाणी होत असेल तर ते खोकल्याच्या आधी असं श्वासात कळतं. आमच्या ह्यांनी त्याचा तक्ता केलाय, रंगीत रेघांचा. माझं ब्लडप्रेशर कधी लिहिलं नाही त्या माणसाने.

मागच्या वर्षी एक्स-रे आणि इको झाला, हृदय थोडं मोठं दिसलं, तेव्हापासून गोळी. पिमोबेंडन. २०१६ मध्ये एपिक नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला त्यात असं निघालं की हृदय मोठं झालंय पण त्रास सुरू झालेला नाही अशा कुत्र्याला ही गोळी आधीपासून दिली तर पुढचं दुखणं सरासरी १५ महिने लांबतं. पूर्वी त्रास होईपर्यंत थांबायचे. दिवसातून दोनदा द्यायची, जेवणाच्या तासभर आधी, उपाशीपोटी. आणि तो तासभर हा जो चेहरा करून बसतो ना! बघणाऱ्याला वाटेल आम्ही याला एकादशीला ठेवलाय.

म्हणून तर खाण्याचं सांगते. यांचं पोट भरत नाही, भरलं तरी सांगत नाहीत. जाड झाला की त्या झडपेवर भार. आमच्या ह्यांचं लपूनछपून पोळीचा तुकडा टाकणं मी बंद केलं, आता गाजर देतात. तुपातली, तळलेली गोष्ट तर मुळीच नाही, स्वादुपिंडाला सूज येते, आणि दिवाळीनंतर अन् थँक्सगिव्हिंगनंतर दवाखान्यात हीच गर्दी असते म्हणे.

पण शिऱ्याची गोष्ट तुला कळली नाही? त्या तळ्याजवळच्या घरी सत्यनारायण होता गं, तू न्यूयॉर्कला होतीस त्या दिवशी. त्यांचा छोटा शिट्झू. कोणीतरी पाहुण्याने प्रसादाच्या द्रोणांची चळत सोफ्यावर ठेवली. सव्वा पटीचा शिरा, मनुका हात सैल सोडून घातलेल्या. कुत्र्याने तीन द्रोण चाटून साफ केले, लोक म्हणाले, वा, प्रसाद आहे, पावला. त्यांची कॉलेजातली मुलगी तेवढी ओरडली, 'रेझिन्स!' आणि तशीच साडीत गाडी काढून गेली. वेळेत गेली म्हणून उलटी करवता आली. दोन दिवस सलाईनवर होता. द्राक्षं, मनुका, बेदाणे, कुत्र्याची किडनी बंद पाडतात, आणि कोणाला चार मनुकांनी होईल, कोणाला मूठभर खाऊनही होणार नाही, ते आधी सांगता येत नाही.

कारण तर परवापरवापर्यंत कळलेलं नव्हतं. इथल्या एएसपीसीएचं प्राण्यांच्या विषबाधेसाठी केंद्र आहे, तिथल्या डॉक्टरांकडे एका कुत्र्याची केस आली, त्याने घरी केलेली खेळण्याची माती खाल्ली होती, आणि तीत क्रीम ऑफ टार्टर. किडनीची लक्षणं हुबेहूब द्राक्षांची. २०२१ मध्ये त्यांनी लिहिलं, दोष टार्टारिक आम्लाचा असावा. आणि टार्टारिक आम्ल आणखी कशात, सांग? चिंचेत! चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्याही केस निघाल्या. आता सांग, आपल्या घरात आमटी चिंच-गुळाची, भेळेची चटणी चिंचेची, पुलिहोराही चिंचेचा. इथल्या कुठल्या डॉक्टरच्या भिंतीवरच्या तक्त्यात चिंच बघितलीस? चॉकलेट असतं, द्राक्षं असतात, कांदा-लसूण असतो. कांद्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. पण चिंच आपली आपणच लक्षात ठेवायची. आणि ते बिनसाखरेचं च्युइंगगम तुझ्या पर्समध्ये असतं ना, त्यातलं झायलिटॉल. शेंगदाण्याच्या लोण्याच्या काही बरण्यांतही असतं. लेबल वाचल्याशिवाय द्यायचं नाही.

आणि एक सांगते, हसशील. तू त्याला काय खायला घालणार म्हणून विचारशील तेव्हा दुकानातला पोऱ्या तुला महागडी, बिनधान्याची पिशवी दाखवेल. गहू नाही, तांदूळ नाही. मग आत काय? वाटाणा, मसूर, हरभरा! म्हणजे आपण डाळ घातली तर अडाणी आणि त्यांनी घातली तर प्रीमियम. २०१८ मध्ये एफडीएने अशा खाद्यांबद्दल सावध केलं होतं, काही कुत्र्यांचं हृदय फुगून कमजोर झालेलं आढळलं म्हणून. नक्की त्यानेच होतं असं काही सिद्ध झालं नाही. पण आधीच झडपेचं दुखणं असलेल्याला कशाला? आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं, धान्य असलेलं, ज्या कंपनीकडे आहारतज्ज्ञ आहेत असं घ्या. तसं घेतो.

केसांचं काय विचारतेस? माझ्या काळ्या पैठणीकडे बघ म्हणजे कळेल. कापायचे नसतात, नुसते विंचरायचे. पंजाच्या खाली बोटांमधले तेवढे कापायचे, नाहीतर लाकडी फरशीवर घसरतो. कानामागे गुंता होतो, तिथे हात लावला की नाटकं. जेवताना कान वाटीत बुडतात म्हणून ह्यांनी माझ्या जुन्या मोज्याची कानटोपी केली, ती घालून तो असा बसतो की मी फोटो काढून सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दात रोज घासायचे. हो, रोज. आणि मानेला पट्टा लावून ओढायचं नाही, छातीचा हार्नेस. यांच्यातल्या काहींची कवटी मेंदूला अपुरी पडते, मानेत दुखतं, मग चालता चालता हवेतच मान खाजवतात. असं दिसलं की न्यूरॉलॉजिस्ट. तो खर्च मी सांगत नाही, तुझी झोप जाईल.

थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात ते पायांना झोंबतं, घरी आल्यावर कोमट पाण्याने पाय धुवायचे, चाटायच्या आत. उन्हाळ्यात गोचीड. मागच्या झाडीत हरणं येतात, तुला कौतुक वाटतं, पण गोचीड त्यांच्याबरोबर येते आणि तिच्याबरोबर लाइम. ते दुखणं कनेक्टिकटच्या लाइम गावावरूनच ओळखलं जातं, म्हणजे इथलंच. महिन्याची गोळी चुकवायची नाही, हृदयातल्या जंताची वेगळी. आणि टाउनशिपचं लायसन्स! न्यू जर्सीत सात महिन्यांच्या वरच्या प्रत्येक कुत्र्याला काढावं लागतं, दरवर्षी. रेबीजची लस त्या वर्षातले निदान दहा महिने तरी पुरणारी हवी, नाहीतर खिडकीवरची बाई परत पाठवते. नसबंदी केलेली नसेल तर तीन डॉलर जास्त. तीन डॉलर वाचले म्हणून ह्यांनी मला घरी येऊन सांगितलं, शस्त्रक्रियेचं बिल खिशात ठेवून.

पण हे सगळं जमतं गं. माणूस शिकतो. जे जमत नाही ते वेगळंच. तू आठवड्यातून तीन दिवस मेट्रोपार्कहून गाडी पकडतेस, तुझा नवरा कधी इथे, कधी टेक्सासला. छकुली चारपर्यंत शाळेत. घरी कोण? हा एकटा राहत नाही. राहूच शकत नाही, सोबतीसाठीच जन्माला घातलेला जीव तो. त्या शेवटच्या घरातल्यांनी कॅमेरा बसवलाय, ती ऑफिसातून त्याच्याशी बोलते, 'बेबी, आय ॲम हिअर.' तो आवाज ऐकून दार खरवडतो, कारण आवाज आहे आणि माणूस नाही. दाराचा रंग बघ जाता-येता. माझ्या मते ज्या घरात दिवसा माणूस नाही तिथे हा कुत्रा आणू नये. आणायचाच तर मोठा, एकटं राहायची सवय असलेला, शेल्टरमधला आणा. माझं मत हं, लोक रागावतात.

नॅन्सी रेगनला तरी काय, घर भरून नोकर! पहिला त्यांच्याकडे लकी म्हणून होता, दांडगा, प्रेसिडेंटला गवतावरून ओढत न्यायचा, सगळ्या पेपरांत फोटो. त्याला रँचवर धाडला आणि १९८५ च्या डिसेंबरात रेक्स आला, वाघ्याच्याच जातीचा, विल्यम बकली नावाच्या पत्रकाराने दिलेला. व्हाइट हाउसमध्ये कोणाची ना कोणाची मांडी रिकामी असणारच.

तू नाराज झालीस का? नको होऊ. छकुलीला कुत्र्याचा लळा आहे, ते मला दिसतं. वाघ्यालाही ती आवडते. बघ ना कसा बसलाय, तुझ्या चपलेवर हनुवटी ठेवून. माझ्या चपलेवर नाही ठेवत.

म्हणून म्हणते, अनुभव घेऊन बघावा माणसाने आधी. पुण्याला पुतण्याचं लग्न आहे डिसेंबरात. याला नेता आलं असतं तर नेला असता. पण आता २०२४ च्या ऑगस्टपासून सीडीसीचे नियम बदलले. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत, तिथून परत आणायचा तर मायक्रोचिप, फॉर्म, जाण्याआधीच यूएसडीएचा शिक्का. शिवाय मुंबईत उतरताना आपल्या क्वारंटाइन खात्याचं ना-हरकत पत्र. आणि एवढ्या लांबच्या विमानात याचं हृदय, डॉक्टरीणबाई नाहीच म्हणाल्या. मागे २०२२ ला अटलांटिक सिटीला बीएमएमचं, आपल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, अधिवेशन होतं तेव्हा एका ठिकाणी ठेवला होता, नाव नको, माणसं प्रेमळ होती बिचारी. पण चाळीस कुत्र्यांत हा. खोकत परत आला, आणि तो खोकला घशाचा की हृदयाचा, या शंकेत आमचा आठवडा गेला.

तुझ्या ऑफिसला डिसेंबरात सुट्टी असते ना? आणि नवराही घरून काम करतो म्हणालीस. छकुलीला शाळा नाही. गोळ्या मी वारांच्या डबीत भरून देईन. श्वास कसे मोजायचे ते हे लिहून देतील, चार पानं होतील, तू पहिलंच वाच. तुझ्या घरातली चिंच मी बघून घेतली, वरच्याच फळीवर असते. गुळाची ढेप मात्र खाली आहे.

विचार नवऱ्याला सावकाश. घाई काहीच नाही, आम्ही तिकिटं तेवढी कालच काढली.